परसातील कोंबड्या व घरगुती औषधोपचार : उपयोग किती व मर्यादा कोठे

शेतकऱ्याच्या घरी बैल लंगडू लागला की सारे घर जागे होते. म्हैस दोन वेळा वैरण खाईना तर पशुवैद्यास निरोप जातो. परंतु खुराड्यातील एखादी कोंबडी पिसे फुलवून व डोळे मिटून कोपऱ्यात बसली, तर घरातील कर्त्या पुरुषाचे तिकडे लक्षही जात नाही. फार झाले तर "तिला लसूण घाला" एवढे सांगून तो शेताची वाट धरतो. याचे कारण उघड आहे. कोंबड्यांचा पैसा जमाखर्चाच्या वहीत चढत नाही. तो घरातील बायकांच्या हाती येतो आणि तेलामिठात, मुलांच्या वह्यापुस्तकांत, अडल्यानडल्या प्रसंगी औषधपाण्यात मुकाट्याने खर्चून जातो. देशी कोंबडी वर्षाकाठी साधारण साठ-सत्तर अंडी देते. आठ कोंबड्यांचा संसार धरला तरी ही पाचशेच्या आसपास अंडी झाली. पिलांची व कोंबड्यांची विक्री निराळीच. ज्या उत्पन्नास बी विकत घ्यावे लागत नाही व ज्याचा बहुतेक चारा परसातील किडे-मुंग्या आणि सांडलेवांडले धान्य यांवर भागतो, त्याची एवढी उपेक्षा करणे शहाणपणाचे नव्हे.

आमच्या मासिकाच्या वाचकांकडून घरगुती औषधांविषयी वरचेवर विचारणा होत असते. कोणी हळदीचा गुण विचारतात, कोणी कडुलिंबाचा, कोणी लसणाचा. या सर्व वस्तू घरच्या, अल्पमोली व आपल्या आजीपणजीच्या हातातल्या असल्यामुळे त्यांवर आपला विश्वास बसतो, हे योग्यच आहे. परंतु हा विश्वास कोठे ठेवावा व कोठे ठेवू नये याचा विवेक झाला नाही, तर तोच विश्वास घात करतो. आम्ही महसूल खात्यात अनेक वर्षे कारकुनी केली. त्या नोकरीने आम्हांस दुसरे काही दिले असो वा नसो, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवण्याची खोड मात्र लावली. गेली काही वर्षे आमच्या घरच्या खुराड्याची एक चोपडी आम्ही ठेवीत आलो आहो. कोणती कोंबडी केव्हा आजारी पडली, काय दिले व पुढे काय झाले, हे तीत लिहिलेले असते. ही चोपडी घालण्याची बुद्धी आम्हांस एका मोठ्या नुकसानीनंतर झाली. ती हकीकत यथाक्रम पुढे येईलच.

चोपडी चाळता घरगुती उपायांचे तीन वर्ग आमच्या ध्यानात आले. पहिला वर्ग रोग दाराशी येऊच न देणाऱ्या उपायांचा. हे खरोखर गुणकारी आहेत. दुसरा वर्ग आजाऱ्यास आराम देणाऱ्या उपायांचा; यांत रोग आपल्या मुदतीने जातो व श्रेय औषधास मिळते, पण अपाय काही होत नाही. तिसरा वर्ग खोटी आशा लावून वेळ घालविणाऱ्या उपायांचा. या तिसऱ्या वर्गापासून वाचकांस सावध करणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू होय.

खुराडे हेच पहिले औषध

कोंबड्यांचे निम्म्याहून अधिक आजार ओल, कोंदटपणा व घाण यांतून उद्भवतात. म्हणून औषधाच्या पुडीकडे हात जाण्यापूर्वी खुराड्याकडे नजर गेली पाहिजे. रात्रीच्या निवाऱ्यास दर पक्ष्यामागे दीड ते दोन चौरस फूट जागा असावी. वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये, परंतु वरच्या बाजूने हवा खेळती असावी. याची परीक्षा अगदी सोपी आहे. पहाटे खुराड्याचे दार उघडून आपले तोंड कोंबडीच्या उंचीइतके खाली न्यावे. डोळे चुरचुरू लागले किंवा नाकाला झणका आला, तर त्या हवेत रात्रभर काढणाऱ्या पक्ष्यांच्या छातीचे काय होत असेल हे निराळे सांगावयास नको. सर्दी व घरघर यांचे मूळ पुष्कळदा या झणक्यातच असते. अशा वेळी आल्याचा रस पाजण्यापेक्षा खुराडे झाडून काढणे अधिक फलदायी होते.

आमच्याकडे भाताचे तूस मुबलक मिळते, म्हणून खुराड्यात त्याचा चार बोटे जाडीचा थर आम्ही घालतो. ज्या भागात तूस मिळत नाही तेथे लाकडाचा भुसा किंवा बारीक तोडलेले काड चालते. हा थर दोन-चार दिवसांनी दाताळ्याने वरखाली करावा, व पावसाळ्यात ओल धरू लागताच त्यात विरवलेल्या कोरड्या चुन्याची फक्की मिसळावी. थर हातात घट्ट दाबून सोडला असता मोकळा झाला पाहिजे. त्याचा लाडू राहिला तर तो ओला समजून बदलावा. काढलेला थर उकिरड्यात कुजविल्यास उत्तम खत होते. म्हणजे या स्वच्छतेचा खर्च शेतच फेडून देते.

राखेचे स्नान व अंगावरील उवा

कोंबडी पाण्याने न्हात नाही, ती धुळीने न्हाते. कोरड्या मातीत खळगा करून लोळणे व पंख फडफडविणे ही तिची खोड नव्हे, तो तिचा देहधर्म आहे. पिसांच्या मुळाशी शिरलेली बारीक धूळ तेथील उवांच्या अंगावरील मेणचट आवरण घासून काढते. त्यामुळे त्या सुकून मरतात. पावसाळ्यात सर्वत्र चिखल झाला म्हणजे कोंबड्यांना ही सोय राहत नाही, व त्याच दिवसांत उवा फार माजतात. म्हणून पावसाळा लागण्यापूर्वीच पडवीच्या कोपऱ्यात जुनी घमेली किंवा फुटके पिंप ठेवून त्यात चाळलेली कोरडी माती व चुलीची राख निम्मी-निम्मी भरून ठेवावी. राख लाकडाची व पूर्ण निवलेली असावी. ती भिजली तर तिचा क्षार सुटून कातडी भाजते, म्हणून पागोळीपासून ती दूर ठेवावी. तीत कडुलिंबाचा वाळलेला पाला कुस्करून घातल्यास चांगले.

उवा फार झाल्या असतील तर केवळ राखेवर भागत नाही. कोंबडी हाती घेऊन शेपटीखालची व पंखांखालची पिसे उलटी करून पाहावी. मुळाशी पांढऱ्या लिखांचे झुबके दिसल्यास कडुलिंबाचे किंवा करंजाचे तेल खोबरेल तेलात मिसळून बोटाने तेथे लावावे. लिखा या औषधाने मरत नाहीत. आठवड्याभरात त्यांतून नव्या उवा निघतात. यास्तव आठ-दहा दिवसांनी हाच उपाय पुन्हा करणे अवश्य आहे. "तेल लावले पण गुण आला नाही" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ही दुसरी खेप केलेली नसते.

येथे दोन इशारे दिले पाहिजेत. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते हे खरे, परंतु ती डोळ्यांत गेली तर डोळ्यांस मोठी इजा करते, मग डोळा कोंबडीचा असो की पूड लावणाऱ्याचा. आणि पिकावर फवारून उरलेले कीटकनाशक कोंबड्यांच्या अंगावर टाकण्याची जी रीत काही ठिकाणी पडली आहे, ती सर्वथा त्याज्य होय. त्या विषाने कोंबडी दगावते. वाचली तर तेच विष तिच्या अंड्यांतून व मांसातून आपल्या ताटात येते.

भेगांत दडणारा शत्रू

उवा कोंबडीच्या अंगावर राहतात. परंतु गोचिडाची व तांबड्या पिसवेची एक जात अशी आहे की ती दिवसा खुराड्याच्या भेगांत, फळ्यांच्या सांध्यांत व बसण्याच्या दांड्याखाली दडून असते आणि रात्री बाहेर पडून रक्त पिते. दिवसा कोंबडी तपासली तर अंगावर काहीच सापडत नाही. तुरा मात्र दिवसेंदिवस फिकट पडत जातो, अंडी बंद होतात, खुडूक कोंबडी खुडावरून उठून जाते. रात्री दिवा घेऊन दांड्याखाली पाहिले म्हणजे चोर सापडतो. ही गोचीड रक्तावाचून महिनोन्‌महिने जिवंत राहते. म्हणून खुराडे काही दिवस रिकामे ठेवून तिचा नायनाट होत नाही.

अशा ठिकाणी कोंबडीस औषध न करता खुराड्यास करावे. पक्षी बाहेर काढून भेगांत कढत पाणी ओतावे, मग उन्हात वाळवून भेगा शेणमातीने लिंपाव्या व वर ताज्या चुन्याचे दोन हात द्यावे. दांड्याच्या टोकांस करंज तेल लावावे. पक्षी आत ठेवून कडुलिंबाचा धूर करण्याची चाल आम्ही पाहिली आहे, ती बरी नव्हे. कोंबडीची श्वासनलिका फार नाजूक असते, व धुराने किडा गुदमरण्यापूर्वी कोंबडीच गुदमरते.

पायांची खवले उचलली जाऊन पाय खडबडीत व चुन्यात बुडविल्यासारखे दिसतात, तोही एका सूक्ष्म किड्याचाच प्रताप होय. कोमट साबणपाण्याने पाय धुऊन, पुसून, त्यांवर खोबरेल किंवा करंज तेलाचा जाड लेप एक दिवसाआड दोन-तीन आठवडे द्यावा. तेलाने किडा कोंडला जाऊन मरतो. खवले नखांनी ओढून काढू नयेत. हा उपाय पूर्णपणे घरचा आहे व तो निश्चित गुण देतो.

दाणा, पाणी व उन्हाळा

माणसाच्या उपयोगी न पडलेले बुरसटलेले धान्य कोंबड्यांपुढे टाकण्याची आपली सवय घातक आहे. ओलीने बुरसटलेला मका, शेंगदाणा व पेंड यांत एक विष उत्पन्न होते व ते यकृताचा नाश करते. पिले व बदके यांवर त्याचा परिणाम लवकर होतो. हे विष शिजवूनही जात नाही व त्यावर उतारा नाही. असे धान्य खतात घालावे, खुराड्यात नव्हे.

पातळ कवचाची किंवा बिनकवचाची अंडी पडू लागली तर बहुधा कॅल्शियमची उणीव असते. अंड्याच्या एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते व ते कोंबडीस रोज कोठून तरी मिळविणे भाग पडते. शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून बारीक केलेली अंड्यांची टरफले निराळ्या भांड्यात ठेवावी; जिला जरूर असेल ती खाईल. टरफले अखंड टाकू नयेत, नाहीतर स्वतःची अंडी फोडून खाण्याची खोड लागते. शेवग्याचा, मेथीचा किंवा लसूणघासाचा हिरवा पाला रोज थोडा दिला तर डोळे सुजणे, अंगाचा तजेला जाणे हे विकार कमी होतात.

कोंबडीस दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागते, व कडक उन्हात त्याच्या दुप्पट. तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा अंग निववण्याचा मार्ग आहे. एप्रिल-मे महिन्यांत मातीच्या पसरट भांड्यांत दिवसातून तीन वेळा थंड पाणी द्यावे, भांडी सावलीत ठेवावी व खुराड्याच्या छपरावर भिजलेली गोणपाटे टाकावी. दुपारी एक लिटर पाण्यात लिंपाएवढा गुळाचा खडा व अगदी चिमूटभर मीठ घालून दिले असता उतरलेली कोंबडी सावरते. मिठाचे प्रमाण वाढवू नये. पक्ष्यांस अधिक मीठ विषासारखे होते. भांडी मात्र रोज राखेने घासली पाहिजेत. गुळाचे पाणी रात्रभर राहिले की आंबते, व मग औषधाचा अपाय होतो.

जंत व रक्ती हगवण

जंतांवर लसूण, भोपळ्याच्या बिया, कडुलिंबाचा पाला असे अनेक उपाय सांगितले जातात. आम्ही ते सारे करून पाहिले. कोंबड्या ते आवडीने खातात व त्यांपासून अपाय होत नाही; परंतु जंत पडले असे आमच्या चोपडीत एकदाही नोंदले गेले नाही. पशुवैद्याकडून मिळणारे पायपरॅझिनसारखे औषध पाण्यातून दिल्यावर दुसऱ्या दिवशी विष्ठेत बोट-दोन बोटे लांबीचे पांढरे जंत आम्ही स्वतः पाहिले. अंगणातील मातीत जंतांची अंडी कित्येक महिने टिकतात. म्हणून औषधाबरोबरच विष्ठा रोज उचलणे व शक्य तर डालग्यांची जागा पालटणे हे काम घरचे आहे.

तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना पावसाळ्यात रक्ती हगवण लागते. पिले गोळा होऊन पंख पाडून बसतात, विष्ठा रक्तमिश्रित होते व दोन-तीन दिवसांत मरतात. या रोगाच्या जंतूंस वाढण्यासाठी ऊब व ओल लागते. यावर ताक पाजावे असे म्हणतात. थोडे ताक हितकर असेल, पण चालू रोग त्याने आटोक्यात येत नाही. कोरडा बिछाना हा यावरचा खरा घरगुती उपाय, आणि तो रोगापूर्वी करावयाचा आहे. रक्त दिसल्यावर मात्र त्याच दिवशी पशुवैद्याचे औषध आणावे. ते देऊन झाल्यावर किती दिवस अंडी खाऊ नयेत हेही त्यांसच विचारून घ्यावे.

देवी व हळदीचा लेप

हळदीची कीर्ती खुराड्यात वाढली ती मुख्यतः देवीच्या रोगामुळे, असे आम्हांस वाटते. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती व गळ्याखालच्या लोंबत्या कातडीवर पुळ्या येतात व त्यांच्या काळ्या खपल्या होतात. डासांमार्फत हा रोग पसरतो. खोबरेल तेलात हळद व कडुलिंबाचा वाटलेला पाला खलून लेप दिला असता माशा बसत नाहीत, फोड चिघळत नाहीत, आणि तीन-चार आठवड्यांत खपल्या पडून कोंबडी बरी होते. ती हळदीमुळे बरी झाली असे आपण म्हणतो. वास्तविक बाहेरची देवी बहुधा आपल्या मुदतीनेच जाते. लेपाने जखमेचे रक्षण झाले, एवढे श्रेय त्यास द्यावे. हे श्रेय लहान नाही. डोळे चिकटून आंधळी झालेली कोंबडी उपाशी मरते. कोमट पाण्याने तिचे डोळे पुसून तिला हाताने भरविणाऱ्या गृहिणीने ती वाचविलेली असते. परंतु पुळ्या तोंडाच्या आत व घशात आल्या, तर लेपाचा उपाय उरत नाही. देवीचीही लस निघते व ती पंखाच्या पातळ कातडीत टोचतात, हे लक्षात ठेवावे.

देवीत यश आलेले हळद-लसणाचे औषध मग प्रत्येक रोगावर चालेल, असा आपला समज होतो. घात होतो तो येथेच.

मानमोडी : आमची चूक

२०१६ सालच्या मे महिन्यातील गोष्ट आहे. घरी पाहुणे यावयाचे म्हणून आम्ही आठवड्याच्या बाजारातून दोन कोंबड्या आणल्या. त्यांतील एकीचे काम पडले नाही. दिसावयास ती चांगली होती, म्हणून तिला आमच्या खुराड्यात सोडले. पाचव्या दिवशी ती पिसे फुलवून बसली. सहाव्या दिवशी आमच्या दोन तलंगा चोच वासून श्वास घेऊ लागल्या. विष्ठा हिरवट-पांढरी व पाण्यासारखी होती. आम्ही लसूण ठेचला, हळद व गूळ घालून गोळ्या वळल्या आणि सर्वांना भरविल्या. त्या संध्याकाळी एक कोंबडी दाणे टिपताना दिसली. एवढ्यावरून आम्हांस वाटले, गुण आला.

हा मोठेपणा आम्ही आमच्याजवळ ठेवला असता तरी बरे झाले असते. शेजारी एक वृद्ध विधवा बाई राहत. त्यांच्या बारा कोंबड्या होत्या, आणि आठवड्याचा बाजार त्या अंड्यांवरच होई. त्यांच्याही कोंबड्या मलूल झाल्या, तेव्हा त्या विचारावयास आल्या, "भाऊ, डॉक्टरांस बोलावू का?" आम्ही कचेरीत काम करणारे, चार बुके वाचलेले, आमच्या शब्दास त्यांच्या लेखी वजन होते. आम्ही म्हणालो, "कशास उगाच खर्च? आमच्याकडे गुण आला आहे, हेच द्या." त्यांनी तेच दिले.

नऊ दिवसांत आमच्या ३१ पैकी २७ कोंबड्या गेल्या. कित्येकींच्या माना उलट्या वळून आकाशाकडे झाल्या होत्या. त्या एकाच जागी गोल फिरत आणि पडत. त्या बाईंच्या बाराही गेल्या. त्या आम्हांस एका शब्दानेही बोलल्या नाहीत. पुढे आम्ही त्यांस सहा तलंगा नेऊन दिल्या, त्या त्यांनी घेतल्या. पण मधल्या महिन्यांचा बाजार त्यांनी कसा केला हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आमच्या चोपडीचे पहिले पान या हिशोबाचे आहे.

वास्तविक डॉक्टर आले असते तरी आजारी पडलेल्या कोंबड्या ते वाचवू शकले नसते, कारण या रोगावर औषध नाही. मग चूक कोणती? चूक अशी की, त्यांनी रोग ओळखून निरोगी पक्षी तत्काळ वेगळे करावयास, मेलेले खोल पुरावयास व वाडीतील इतरांस सावध करावयास सांगितले असते. आमच्या लसणाने ते चार दिवस खाल्ले. त्या चार दिवसांत आमच्या वहाणांबरोबर, पाट्यांबरोबर व उकिरड्यावर टाकलेल्या मेलेल्या पक्ष्यांबरोबर रोग साऱ्या वाडीत फिरला. लसणाने कोंबडी मारली नाही. लसणावरील आमच्या भरवशाने मारली.

हा रोग इंग्लंडात न्यूकॅसल येथे १९२६ साली आढळला व त्या गावाच्या नावाने जगात ओळखला जातो. आपल्या देशात तो १९२७ साली कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे ओळखला गेला, म्हणून आपण त्यास राणीखेत म्हणतो. आपल्या खेड्यांतून तो मानमोडी या नावाने प्रसिद्ध आहे. लस न टोचलेल्या कळपात शिरला तर तो जवळजवळ सारा कळप नेतो. देशी कोंबडी काटक असते म्हणून ती यातून सुटेल, ही समजूत चुकीची आहे. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारलेल्या जातीही लसीवाचून सुटत नाहीत.

लस : जी घरी करता येत नाही पण घरासाठी आणता येते

या रोगाची मुक्तेश्वर लस आपल्याच देशात १९४० च्या दशकात सिद्ध झाली. जेथे ती सिद्ध झाली ती मुक्तेश्वरची प्रयोगशाळा मुळात १८८९ साली पुण्यास निघाली व १८९३ साली तिकडे नेण्यात आली, हे आपल्या वाचकांस कौतुकाचे वाटेल. आज पुण्यास औंध येथील शासकीय संस्थेतही जनावरांच्या व पक्ष्यांच्या लसी तयार होतात, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी केल्यास मानमोडीची लस मिळू शकते.

क्रम असा असतो. पिलू पाच-सात दिवसांचे झाले की लासोटा किंवा एफ-वन लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालतात. सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी ही मुक्तेश्वर लस पंखाखाली कातडीत टोचतात. ही दुसरी लस जोरकस असल्यामुळे लहान पिलांस टोचू नये, व आजारी पक्ष्यासही टोचू नये. त्याआधी आठवडाभर जंतांचे औषध दिलेले असल्यास लस अधिक चांगली लागू पडते. पुन्हा केव्हा टोचावयाची हे पशुवैद्य सांगतात. आमच्या वाडीत दरवर्षी उन्हाळ्याच्या आरंभी मोठ्या पक्ष्यांस टोचून घेतो.

लस जिवंत असते, हे कोणी विसरू नये. दवाखान्यातून ती बर्फावर आणावी, कालविल्यावर दोन तासांच्या आत संपवावी, व काम पहाटे किंवा सायंकाळी करावे. उन्हात खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. पाण्यातून देण्याची लस असेल तर आदल्या व दुसऱ्या दिवशी पिण्याच्या पाण्यात परमँगनेट, जंतुनाशक पूड अगर हळद काहीही घालू नये. नाहीतर आपलेच औषध लसीस मारते.

अडचण एकच. एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात, व ज्याच्या घरी आठच कोंबड्या आहेत तो त्यासाठी तालुक्यास जात नाही. हा प्रश्न एकट्याने सुटणारा नाही, सहकाराने सुटणारा आहे. आमच्या वाडीत आता एक दिवस ठरवून आदल्या रात्री सर्वांनी कोंबड्या डालग्यांत कोंडून ठेवावयाच्या, पहाटे एकाने बर्फाचा थर्मास घेऊन यावयाचे व सूर्य वर येण्यापूर्वी सर्व घरे उरकावयाची, असा नेम झाला आहे. खर्च वाटून घेतला की एका कोंबडीमागे तो एका अंड्याच्या किमतीइतकाही पडत नाही. हा नेम सुरू झाल्यापासून आमच्या चोपडीत मानमोडीची एकही नोंद नाही. मुंगसाने नेलेल्या, घारीने उचललेल्या, पाहुण्यांच्या कामी आलेल्या कोंबड्यांच्या नोंदी पुष्कळ आहेत.

नव्या पक्ष्याविषयीचा नियमही याच ठिकाणी सांगून ठेवतो. बाजारातून आणलेली कोंबडी कितीही देखणी असो, तीन आठवडे ती घराच्या दुसऱ्या टोकास निराळ्या डालग्याखाली ठेवावी, व तिला दाणापाणी सर्वांच्या शेवटी द्यावे. तसेच घरात रोग शिरलेला असता उरलेले पक्षी घाईने बाजारात नेऊन विकणे हा अपराध होय. आमच्या घरी आलेली कोंबडी अशाच कोणाच्या घाईने आली असावी.

बर्ड फ्लूविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आपल्या राज्यात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ च्या फेब्रुवारीत, व परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे २०२१ च्या जानेवारीत हा रोग आढळला होता. एकाएकी पुष्कळ पक्षी मरू लागले, तुरे सुजून निळे-काळे पडले, तर कोणतेही घरगुती औषध करीत बसू नये. मेलेल्या पक्ष्यांस उघड्या हाताने शिवू नये, मुलांस दूर ठेवावे व पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. हा रोग माणसासही होऊ शकतो.

तात्पर्य

वाचकांच्या सोयीसाठी वरील विवेचनाचा गोषवारा देतो.

१. कोरडा बिछाना, चुन्याचा हात, राखमातीचे स्नान, स्वच्छ पाणी व हिरवा पाला ही घरची पाच औषधे रोज चालवावी. यांस पर्याय नाही.

२. उवा, पायांची खवले, वरवरच्या जखमा व उन्हाची तलखी यांवर तेल, कडुलिंब, हळद व गूळपाणी खुशाल वापरावे.

३. जंत व रक्ती हगवण यांत घरचे काम स्वच्छतेचे, औषध पशुवैद्याचे.

४. मानमोडी व देवी यांवर लस हाच उपाय, आणि तो रोग येण्यापूर्वी.

५. एका दिवसात दोन कोंबड्या मलूल झाल्या तर वाट पाहू नये. निरोगी पक्षी वेगळे करावे, मेलेले विहिरीपासून दूर तीन फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे, शेजाऱ्यांस सांगावे व पशुवैद्यास बोलवावे.

६. काय दिले व काय झाले याची नोंद ठेवावी. स्मरणशक्ती यशच तेवढे लक्षात ठेवते. चोपडी अपयशही लक्षात ठेवते.

आजीच्या बटव्याची थट्टा करावी असा आमचा हेतू मुळीच नाही. त्या बटव्याचे निम्मे सामर्थ्य आजीच्या नजरेत होते. सांजेस कोंबड्या डालग्यात शिरताना ती एकेक मोजून घेई, व कोणती आज मागे राहिली हे तिला दिव्यावाचून कळे. औषध कोणतेही असो, ते वेळेवर देण्यास आधी हे पाहणे हवे. तेव्हा सभासद बंधूंस आमची विनंती एवढीच की, आज सायंकाळी शेतावरून परतल्यावर आपण स्वतः खुराड्याशी जावे, वाकून आत पाहावे, आणि शेजारीपाजारी किती कोंबड्या आहेत याची एक यादी करून दवाखान्यात लसीचा दिवस ठरवावा. यादी करताना ज्या घरी कर्ता पुरुष नाही, तेथे आधी जावे.